खाते आपले, जागा कोणाची?

मोडनिंबवरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. चौपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना ढाबे, पेट्रोल पंप, उजनीच्या पाण्यावर वाढलेला ऊस आणि डाळिंबाच्या बागा. माढा तालुक्याची ही सुबत्ता गाडीच्या काचेतून सहज दिसते. जे सहज दिसत नाही ते रस्त्यापासून थोडे आत, ओढ्याकाठी किंवा गायरानाच्या कडेला असते. चार बांबू, त्यावर फाटकी ताडपत्री, बाहेर तीन दगडांची चूल. ही पारध्यांची पाले आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, फासेपारधी ही नावे आहेत. म्हणजे पालात राहणारा हा माणूस कायद्याने आदिवासी आहे, आणि आदिवासींना घर देण्यासाठी शासनाची स्वतंत्र योजना आहे.

मग तो पालात का?

हा प्रश्न आम्हाला अशाच एका पालावर एका पारधी भगिनीने विचारला होता. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेला कागद होता. घरकुलाच्या यादीत तिच्या नवऱ्याचे नाव आलेले होते. ती म्हणाली, "वकीलदादा, सायब म्हंत्यात घर आलंय. पण ठिवायचं कुठं?"

आम्ही बरीच वर्षे कायद्याचा व्यवसाय करीत आहोत. गृहनिर्माणाच्या धोरणावरची भाषणे ऐकली, शासन निर्णयांच्या फायली वाचल्या. या एका वाक्याइतके नेमके वाक्य आम्हाला त्यांत कुठे आढळले नाही. घर आले आहे. ठेवायला जागा नाही!

आपला माणूस मंत्री झाला

आदिवासी विकास हे राज्य शासनाचे स्वतंत्र खाते आहे. एक काळ असा होता की या खात्याचा मंत्रीच आदिवासी नसे. २००९ ते २०१३ या काळात हे खाते श्रीगोंद्याच्या बबनराव पाचपुते यांच्याकडे होते. २०१३ नंतर मात्र मधुकरराव पिचड, विष्णू सवरा, अशोक उईके, के. सी. पाडवी, विजयकुमार गावित आणि डिसेंबर २०२४ पासून पुन्हा अशोक उईके अशी आदिवासी मंत्र्यांची रांग लागली. पक्ष बदलले, सरकारे बदलली, खाते आदिवासी माणसाकडे राहिले. आम्हाला याचा आनंदच आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते, म्हणून ज्याच्या समाजाचे घर जळते त्याच्या हाती पाण्याची बादली असावी, ही चळवळीची जुनी मागणी आहे.

परंतु आनंद झाला म्हणून हिशेब मागायचा नाही, असे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेले नाही.

शबरी आदिवासी घरकुल योजना २०१३ च्या सुमारास आली. त्याआधी अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आली होती. विमुक्त आणि भटक्यांसाठी २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आली. घर २६९ चौरस फुटांचे. अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये. महागाई कितीतरी वाढली तरी हा आकडा वर्षानुवर्षे हलला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात २०२५ साली राज्याने ५० हजारांची भर घालण्याचे ठरवले. आजच्या सिमेंट, सळई आणि वाळूच्या भावात एवढ्या रकमेत घर कसे उभे राहते, हे ज्याने बांधले आहे त्यालाच विचारावे. सावकाराच्या दारात गेल्याशिवाय छत पडत नाही.

पण हा झाला जागा असलेल्यांचा प्रश्न. ज्याला जागाच नाही त्याचे काय? या योजनांचे अनुदान घर बांधण्यासाठी आहे, जमिनीसाठी नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८-अ किंवा जागेचा दुसरा पुरावा दाखवा, जागेचा फोटो काढा, मग पहिला हप्ता. पारध्याकडे ८-अ कुठून असणार? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड कोंडणारी मोठी सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि कुंपण तुटले. कुंपणाबाहेर त्यांच्यासाठी जमीन मात्र कोणी राखून ठेवली नव्हती. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि पोटाचे साधनही गेले. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या गावाच्या हद्दीत दोन रात्री टिकू दिले नाही, त्यालाच आता शासन विचारते, तुझ्या नावाचा उतारा कुठे आहे?

आणि उतारा मिळाला तरी पुढे जातीचा दाखला आहेच. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. त्या वर्षी ज्याच्या आज्याला पोलिसांच्या हजेरी बुकाशिवाय दुसऱ्या कुठल्याही बुकात स्थान नव्हते, त्याने कोणत्या शाळेचा दाखला आणावा? शिवाय फासेपारधी अनुसूचित जमातीत, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत. शेजारी शेजारी दोन पाले. एकाला शबरी योजनेच्या खिडकीवर जायचे, दुसऱ्याला मुक्त वसाहतीच्या. दोन खाती, दोन अर्ज, दोन साहेब. आणि पाऊस मात्र दोघांवर एकच!

मंत्री कोणाला उत्तर देतो?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आदिवासी मंत्री असूनही सोलापूरच्या पारध्याला घर का मिळत नाही? मंत्री वाईट आहेत म्हणून? एवढे सोपे उत्तर देऊन चळवळीला मोकळे होता येणार नाही.

महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्या नंदुरबार, धुळे, नाशिक, पालघर, गडचिरोली अशा आदिवासीबहुल पट्ट्यांत आहेत. सोलापूर जिल्ह्यात एकही नाही. पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र इथे नाही, पेसा कायदा इथे लागू नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन ही मोहीम काढली. तिच्यात ७५ विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी ४ लाख ९० हजार घरांचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रातून कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्यात आहेत. पारधी नाहीत. सोलापुरात आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, २०११ नंतर पारधी विकासाची वेगळी योजनाही आली. परंतु एका गावात चार कुटुंबे आणि दुसऱ्या गावात सहा अशा विखुरलेल्या समाजाच्या मतांवर कोणताही आदिवासी आमदार निवडून येत नाही आणि पडतही नाही. जो माणूस तुमच्या मताने निवडून येत नाही, तो तुमच्या पालाकडे का वळून बघेल?

आणि ज्याच्या मताने निवडून येतो त्याच्याकडे तरी बघतो काय? १९३२ च्या पुणे कराराने आपल्याला राखीव जागा दिल्या, पण निवडून देणारे हात सर्वांचे ठेवले. त्याचे फळ आपण आजतागायत भोगतो आहोत. कांशीराम साहेबांनी १९८२ साली 'चमचा युग' लिहिले ते याच दुखण्यावर. राखीव मतदारसंघातला प्रतिनिधी रंगाने, रूपाने, आडनावाने आपला असतो. तिकीट मात्र ज्याने दिले त्याचे असते. आमच्या शेजारच्या पंढरपूर लोकसभा मतदारसंघाने १९९९ आणि २००४ साली रिपब्लिकन नेते रामदास आठवले यांना दिल्लीला पाठवले. पुढे पुनर्रचनेत तो राखीव मतदारसंघच गेला. आठवलेसाहेब २०१६ साली केंद्रात सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री झाले. पालावरची ताडपत्री मात्र तशीच राहिली.

मे २०२५ मधली गोष्ट समाजबांधवांनी विसरू नये. लाडकी बहीण योजनेसाठी राज्य सरकारने सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. बरे केले. पण पैसा गेला तो गेलाच, आणि मंत्री खुर्चीत राहिले ते राहिलेच! आमच्या बहिणींना पैसे देण्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच की, बहिणीला ओवाळणी घालायची तर ती भावाच्या घराच्या विटा विकून का?

दूरदेशीचा एक राजीनामा

हा केवळ भारताचा रोग नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात तिथले मूळनिवासी दूरदूरच्या वस्त्यांत राहतात. एकेका सरकारी घरात तीन-तीन कुटुंबे कोंबलेली. २००८ साली तिथे या घरांसाठी ६७२ दशलक्ष डॉलरची योजना जाहीर झाली. ॲलिसन अँडरसन या मूळनिवासी समाजाच्याच बाई त्या प्रांताच्या सरकारात मंत्री होत्या. वर्ष उलटून गेले, सल्लागार आणि प्रशासन यांवर पैसा उडाला, पण योजनेतून एकही नवे घर उभे राहिले नाही. ऑगस्ट २००९ मध्ये त्या बाईंनी आपल्या सत्ताधारी पक्षाचाच राजीनामा दिला. सरकार पडण्याची वेळ आली आणि सगळ्या देशाला विचारावे लागले, पैसा गेला कुठे?

त्याच प्रांतातल्या एका वस्तीतील भाडेकरूंनी पुढे सरकारी घरमालकावर दावा लावला. त्यांतल्या एका वृद्ध बाईच्या घराला ६८ महिने मागचा दरवाजाच नव्हता. सरकारचे म्हणणे असे की, दरवाजा नसण्याच्या मनस्तापाला भरपाई कसली? १ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायासनाने त्या भाडेकरूंच्या बाजूने निकाल दिला. घर म्हणजे सुरक्षितता, आणि ती न देणाऱ्या सरकारला मनस्तापाची भरपाई द्यावी लागेल. निकाल लागला तेव्हा ती बाई हयात नव्हती.

या दोन्ही गोष्टींतून आम्ही एवढेच घेतो. मंत्री आपला असून भागत नाही, खुर्ची सोडण्याची त्याची तयारी असावी लागते. आणि तेवढ्यानेही भागत नाही, खालच्या माणसाला कोर्टापर्यंत जाता आले पाहिजे.

हे सांगायला ऑस्ट्रेलियापर्यंत जायची तशी गरज नव्हती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले, स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले, मजुरांच्या राहण्याच्या जागा पाहिल्या. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर, आणि त्या पैशातून मजुरांची घरे, पाणी, दवाखाने. ध्यानात घ्या, बाबासाहेबांनी आश्वासन दिले नाही, निधी कायद्याने बांधून ठेवला! तो दुसरीकडे वळवायचा तर कायदाच मोडावा लागला असता. आणि हेच बाबासाहेब २७ सप्टेंबर १९५१ रोजी नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. राजीनाम्याच्या निवेदनात हिंदू कोड बिलाबरोबर अनुसूचित जातींकडे होणाऱ्या दुर्लक्षाचाही उल्लेख होता. आपल्या मंत्र्याची परीक्षा घेण्याचे हे दोन गज आहेत: त्याने निधीला कायद्याचे कुलूप लावले काय, आणि वेळ आली तेव्हा खुर्ची सोडली काय?

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ साली अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेच्या निधीसाठी कायदे केले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रातही तसा कायदा व्हावा, ही चळवळीची मागणी आहे.

आपल्या अंगणातही पाहू

इथपर्यंत वाचून काही बांधव मान डोलावतील. आता जे लिहितो ते कदाचित आवडणार नाही.

मोडनिंबपासून फार लांब नसलेल्या एका गावात, नाव मुद्दामच देत नाही, पारध्यांच्या काही घरकुलांसाठी गायरानातली जागा द्यावी असा विषय ग्रामसभेपुढे आला. गावचे मातब्बर विरोध करणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यांनी केलाही. "चोऱ्या वाढतील," हे ठरलेले वाक्य त्यांनी म्हटलेही. पण विरोधाच्या निवेदनावर ज्या सह्या होत्या, त्यांत आमच्या बौद्ध वस्तीतल्या सह्या पाहिल्या आणि आमची मान खाली गेली. रमाई योजनेतून ज्यांची पक्की घरे झाली, ज्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर आहे, त्यांनी लिहून दिले होते की पारध्यांची वस्ती आमच्या शेजारी नको!

जे वाक्य महारवाड्याविषयी शतकानुशतके म्हटले गेले तेच वाक्य आमच्या तोंडी आले. आम्ही तिथे उठून बोललो, पण उशीर झाला होता. विषय बारगळला. त्या आधी वस्तीत जाऊन चार बैठका घ्यायला हव्या होत्या, त्या आम्ही घेतल्या नाहीत. ही आमचीही चूक आहे.

एक वकील म्हणून यातली एक बोचरी गोष्ट सांगतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला घर, गाव सोडायला भाग पाडणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. पण तो कायदा आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तरच लागतो. म्हणजे आम्ही पारध्याला हुसकावले तर त्या कलमाखाली आमच्यावर गुन्हा दाखल होणार नाही. कलम लागत नाही म्हणून अपराध नाहीसा होतो काय? ज्या धम्माने करुणा आणि समता शिकवली त्या धम्माच्या दरबारात आमची सुटका होईल काय?

बाबासाहेबांनी असा भेद केला नव्हता. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट कमिटीवर ते सभासद होते. त्या कमिटीने अस्पृश्य आणि आदिम जमाती या दोघांच्याही स्थितीची चौकशी केली आणि १९३० साली अहवाल दिला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा १९६४ चा सत्याग्रह भूमिहीनांचा होता. जमीन मागताना त्यांनी कोणाची जात विचारली नव्हती. त्या लढ्याच्या रेट्यातूनच पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा १९९१ चा शासन निर्णय झाला. आज आमच्यातल्या अनेकांच्या सातबारावर जी नावे आहेत ती त्या लढ्याची कमाई आहे. वारसा घ्यायचा आणि वाटेकरी नाकारायचा, हे कोणत्या नीतीत बसते?

कायदा काय सांगतो?

गायरान म्हटले की लगेच सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल तोंडावर फेकला जातो. २०२२ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव गायरानावरील घरांना नोटिसा निघाल्या तेव्हाही याच निकालाचा दाखला देण्यात येत होता. तो निकाल पूर्ण वाचावा. गावाच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्या धनदांडग्यांना हटवा, असे तो सांगतो. मात्र शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी त्यात अपवाद म्हणून नोंदवल्या आहेत. अधिकारी पहिला भाग वाचतात आणि दुसऱ्याच्या आधी फाईल मिटतात.

चमेली सिंग खटल्यात, १९९५ साली, दलितांच्या घरांसाठी केलेले भूसंपादन सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवले आणि निवारा हा जीवनाच्या हक्काचा भाग मानला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५० मध्ये अतिक्रमण काढण्याचा अधिकार आहे, तसा कलम ५१ मध्ये ते नियमित करण्याचाही आहे. १ जानेवारी २०११ पूर्वीची शासकीय जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण राज्याने २०१८ साली काढले. जागा विकत घेण्यासाठी २०१५ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. तिची मदत ५० हजारांवरून २०२४ साली १ लाख झाली. महामार्गाकाठच्या गावात एक लाखात किती जागा मिळते ते सोडा. पण कागदावर का होईना, दार आहे. ते ढकलणारा माणूस नाही.

तो माणूस आपण व्हायचे आहे. मोडनिंब आणि परिसरातल्या कार्यकर्त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. आपापल्या गावातील पालांची यादी करा: नाव, किती वर्षे वास्तव्य, कोणत्या गटात पाल, रेशन कार्ड आहे की नाही, मुले कोणत्या शाळेत. घरकुलाच्या 'ड' यादीत कोणाचे नाव जागेअभावी अडले आहे ते ग्रामपंचायतीकडून माहितीच्या अधिकारात लेखी घ्या. ज्यांचे वास्तव्य २०११ पूर्वीचे आहे त्यांचे नियमानुकूल करण्याचे अर्ज तहसीलदाराकडे द्या आणि पोहोच घ्या. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर लिहिलेले अक्षर! नोटीस आली तर घाबरून पाल उठवू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या. ते लिहून द्यायला आमच्यासारखे वकील जिल्ह्यात आहेत, त्यांच्याकडून ते हक्काने करून घ्या. आणि ग्रामसभेच्या आधी आपल्या बौद्ध वस्तीत बैठक घ्या. ठराव आपल्या वस्तीने मांडला पाहिजे आणि पहिला हात आपला वर गेला पाहिजे.

आदिवासी विकास मंत्र्यांनाही आमची एक विनंती आहे. आपण नंदुरबारचे मंत्री आहात, यवतमाळचे आहात, तसे माढा तालुक्यातल्या चार पालांचेही आहात. शबरी योजनेत घराबरोबर जागा देण्याची तरतूद करा. मुक्त वसाहत योजनेत पाच गुंठे जमीन द्यायची कल्पना शासनाने मान्य केलीच आहे; तीच आदिवासी पारध्याला का नको? विखुरलेल्या कुटुंबांसाठी जिल्हाधिकाऱ्यांवर मुदत घालून जबाबदारी टाका. हे झाले नाही तर खाते आपले होते एवढीच नोंद इतिहासात राहील.

त्या पारधी भगिनीचा कागद अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. "ठिवायचं कुठं?" या तिच्या प्रश्नाचे उत्तर मंत्रालयाने द्यायचे आहे, तहसीलने द्यायचे आहे. पण त्याआधी ते आपल्या वस्तीने द्यायचे आहे: "आमच्या शेजारी!"

जयभीम.